टकल्या खडकामागची खूण

१० जून १९७८, शनिवार

आज मामाने मला पुन्हा पाठ फिरवून बसायला लावलं. वीस वर्षांचा घोडा झालोय, दुलूथच्या कॉलेजात दोन वर्षं काढलीत, आणि बोटीत शिकागोच्या दोन गिऱ्हाइकांशेजारी मागे तोंड करून मोटरीचा धूर खात बसलो होतो.

हॅना तळ्यावरचा हा जुना रिवाज. मासेमारीला नेणारा गाइड खुणा जुळवायला लागला की बोटीतल्यांनी मागे बघायचं. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आल्या पाहिजेत, दुसऱ्या दोन दुसऱ्या रेषेत. रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पाण्याखाली खड्यांचा उंचवटा आणि त्याच्या उतारावर वॉलाय मासे. खुणा सांगायच्या नाहीत, लिहायच्या नाहीत. बाप मुलाला देतो, बोटीत, एकदाच. आर्वोमामाला मूलबाळ नाही. म्हणजे त्या मलाच मिळायच्या आहेत. त्यातली एक रेष तर आमच्या मांजरालाही ठाऊक आहे: गावची पाण्याची टाकी आपल्या बोटघराच्या छपरावर बरोबर बसली पाहिजे. दुसरी मामाच्या डोक्यात.

"कॉलेज संपव, मग दाखवतो," असं त्याने म्हटलं होतं. मी मार्चमध्ये कॉलेज सोडून आलो. त्याचाच राग काढतोय. काढू दे.

आज तर कमालच केली. टाकीच्या रेषेत बोट पुढे-मागे, पुढे-मागे नेत राहिला. मग म्हणाला, "आज वॉलायचं काही खरं नाही. वारा वाईट आहे." आणि बोट वळवून उथळ पाण्यात ब्लूगिल या छोट्या माशांवर नेली. वारा कसला, पाणी आरशासारखं होतं! माझ्यासमोर उंचवट्यावर जायचं नाही, एवढंच.

शिकागोवाला म्हणाला, "आम्ही काय शाळकरी पोरं आहोत का ब्लूगिल धरायला?"

मामा म्हणाला, "धरून तर बघा." सध्या त्यांची घरटी आहेत. वाळूत ताटं मांडल्यासारखे गोल खळगे, प्रत्येकावर एकेक नर पहारा देत उभा. मोठा, तांबड्या छातीचा नर गळाला लागला की मामा लगेच सोडून द्यायला लावायचा. "बाप उचलला की घर बसलं. छोटे घ्या."

गिऱ्हाइकं वैतागली. मी शरमेनं मेलो.

१३ जून, मंगळवार

मार्लिस सकाळी स्वतः आली, जळवांची बादली घेऊन. तिच्या बापाचं आमिषाचं दुकान आहे. जळवा, गांडुळं, चिंगळ्या सगळं तिथूनच येतं, पण पोचवायला एरवी कुणी येत नाही. आपण जायचं असतं. या उन्हाळ्यात ती रोज येते. रोज! कुणासाठी येते हे काय मला कळत नाही?

मी म्हटलं, "बघून घेऊ का, जिवंत आहेत ना?"

"बघ ना. हात घाल आत. तुझ्यासारखं गरम रक्त त्यांना आवडतं."

"तू पाळलेल्या जळवा मला चावल्या तरी चालतील."

"अगं बाई! कॉलेजात हेच शिकवतात? तरीच सोडलंस."

मग विचारलं, "ड्वेन, आर्वोकाकांनी सकाळी काही खाल्लं का? नीट खातात ना?" बोलणं लांबवायला काहीतरी निमित्त हवं असतं मुलींना. मी म्हटलं, भरपूर खातो, काळजी नको. ती धक्क्यावर मामाकडे गेली. मामाने शर्टाची बटणं एक घर सोडून लावली होती. ती हसत हसत त्याच्याशी बोलली आणि बोलता बोलता सगळी बटणं काढून नीट लावली. मामा लहान पोरासारखा उभा. मला दाखवायला करत होती, बघ मी कशी मायाळू आहे. दिसलं मला. सगळं दिसलं.

कॉलेज का सोडलं ते इथे तरी खरं लिहितो. रसायनाच्या मास्तरांशी भांडण झालं हे खरं, पण ते नंतर. आधी ऐलीमामीचं पत्र आलं होतं. त्यात सहज एक ओळ होती, की हिवाळ्याच्या नाचाला मार्लिस केंट सोरेन्सनबरोबर गेली होती. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर काहीतरी बोलले आणि मी परीक्षानळ्यांचा स्टँड जमिनीवर आपटला. केंट! पलीकडच्या रिसॉर्टवरचा गाइड. नवी कोरी मोटर, पाण्याची खोली दाखवणारं हिरवं यंत्र, आणि दात. तो हसला की नुसते दात दिसतात.

१८ जून, रविवार

मामा बोटीच्या तळाचं बूच लावायला विसरला. बोट पाण्यात ढकलली आणि निम्मी भरली. मी ओरडलो. तो म्हणाला, "एरो, तू ओरडू नकोस, तू बूच काढलंस." एरो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. युद्धात गेला, माझ्या जन्माआधी. आईकडे फोटो आहे. तो म्हणे फार आळशी होता. मला आळशी म्हणायची ही नवी तऱ्हा.

मी दिवसभर बोललो नाही त्याच्याशी.

२७ जून, मंगळवार

बेटावर दुपारचं जेवण. चार गिऱ्हाइकं, मिनियापोलिसची, दुकानदार मंडळी. सकाळी मामाने मला मोटरीवर बसवलं आणि म्हणाला, "आज तू ने. बघू काय येतं तुला." मी खुश झालो. वाटलं, आता खुणा देणार. पण त्याने काहीच सांगितलं नाही. नुसता पुढे बसून किनाऱ्याकडे बघत राहिला, एकदा इकडच्या, एकदा तिकडच्या. मी विचारलं, "मामा, कुठे?" तो म्हणाला, "तू सांग." परीक्षा! मी उंचवट्याच्या आसपास कुठेतरी नांगर टाकला आणि आमचा एकही गळ हलला नाही. शेवटी शेवाळाच्या कडेने बास मासे धरले, त्यांच्यावर भागवलं.

मामाने चरबी वितळवली, मासे तळले, बटाटे तळले. तळण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. मग अस्वलाची गोष्ट सांगितली. अस्वल त्याची सबंध कढई घेऊन पोहत गेलं ती. सगळे पोट धरून हसले. ताटं धुतली, कॉफी झाली, आणि मामाने तीच गोष्ट परत सुरू केली. पहिल्या शब्दापासून, त्याच जागी थांबत. एक जण हसला. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "मामा, पुरे! आत्ताच सांगितलीस ही."

तो थांबला. हातातला कॉफीचा मग त्याने खाली ठेवला. रागावेल असं वाटलं, तर नाही. म्हणाला, "हो का?" आणि उठून बोटीकडे गेला, आम्ही निघेपर्यंत तिथेच बसून राहिला.

चार परक्या माणसांसमोर बोलायला नको होतं. पण मग त्यानेही मला चार माणसांसमोर पाठ फिरवून बसवायला नको.

४ जुलै, मंगळवार

गावात दारूकाम. मार्लिस केंटच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसली होती. मी तिकडे निघालो तर मामीने माझा दंड धरला. "ड्वेन, आज नाही हं. आज मामाला घरी घेऊन जायचंय. आवाजानं तो घाबरलाय." मामा आणि घाबरणार? मला मारामारीपासून लांब ठेवायला मामीने मामाचं नाव पुढे केलं. गेलो मुकाट्याने.

११ जुलै, मंगळवार

पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

उत्तर किनाऱ्यावर टकला खडक आहे ना, पाण्यात गुडघे टेकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा, त्याच्या मागच्या जंगलातून केंट आणि मार्लिस बाहेर आली. भर दुपारी. केंटच्या खांद्यावर शिडी. हातांना, शर्टाला, सगळ्या अंगाला पाइनचा चीक. मार्लिसच्या केसांत पाइनच्या सुया. ती हसत होती. मी वल्ह्यावर होतो, लव्हाळ्यांत, त्यांना दिसलो नाही.

शिडी कशाला ते मला कळलं नाही. बाकीचं कळलं.

रोज सकाळी माझ्याकडे यायचं आणि दुपारी हे. जेवलो नाही. मामी म्हणाली, "पोट बिघडलंय का?" हो म्हटलं.

१४ जुलै, शुक्रवार

मामाला काय झालंय कोण जाणे! परवा आणि आज, दोन्ही दिवस सरळ उंचवट्यावर. "पाठ फिरवा!" म्हणाला, पूर्वीच्या आवाजात, आणि सुतासारखी बोट नेऊन ठेवली. जळवा लावून शिसं तळाला सोडलं आणि गिऱ्हाइकांच्या गळाच्या काठ्या वाकल्याच. काय वॉलाय होते! काचेसारखे डोळे, पोटं लोण्यासारखी. मामा गात होता. फिनिश गाणं, फक्त सूर धरून. परत येताना मला म्हणाला, "काय रे, चेहरा का असा? कुणी हरवलंय?" मी म्हटलं, काही नाही. माझ्या पाठीवर थाप मारली.

चांगलं वाटलं. मार्लिस धक्क्यावर उभी होती. तिने लांबून हातानेच विचारलं, आणि मामाने हात वर केला तर ती टाळ्या वाजवत नाचली. तिच्या बापाने दिलेल्या जळवांवर मासे लागले म्हणून एवढा आनंद? मी तिच्याकडे बघितलंही नाही.

१५ जुलै, शनिवार

आता शिडी कशाला ते कळलं!

आज एकटाच गेलो होतो टकल्या खडकाकडे. का गेलो ते विचारू नये. खडकामागे वर पंधरा-वीस उंच पाइन आहेत, सगळे सारखेच, पण त्यातला एक जरा कललेला. त्याच्यावर, दोन माणसांच्या उंचीवर, एक पांढरं झाकण ठोकलेलं. पत्र्याचं, बादलीचं. ओळखलं मी लगेच, मार्लिसच्या दुकानातल्या जळवांच्या बादलीचं! पाण्यावर येऊन बघितलं. झाकण खडकाच्या टोकावर धरून मागे मागे गेलो, टाकी बोटघराच्या छपरावर येईपर्यंत. आणि कुठे पोचलो? मामाच्या उंचवट्यावर. बरोबर माथ्यावर.

केंटने मामाची दुसरी रेष चोरली. मामाचा पाठलाग केला असणार, ते हिरवं यंत्र घेऊन. आणि लांबून दिसावं म्हणून वर झाकण ठोकलं, बेशरमासारखं, तिच्या दुकानातलं! चाळीस वर्षं ज्या खुणेसाठी मामाने सख्ख्या बहिणीच्या मुलालासुद्धा पाठ फिरवायला लावलं, ती या दातवाल्याने खिळे मारून टांगली.

परत किनाऱ्यावर येऊन चढलो. हात सोलले. दोन खिळे वल्ह्याच्या टोकाने उचकटले आणि बोटीत बसून झाकण जे भिरकावलं ते मधल्या खोल पाण्यात. चपट्या दगडासारखं तीनदा उडालं आणि गेलं.

घरी येऊन सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवायला लाकडं फोडली. मामी म्हणाली, "आज भलताच जोर आलाय?" मामाला काही सांगितलं नाही. त्याला कळलं असतं तर केंटला जिवंत सोडला नसता. हे मी त्याच्यासाठी केलं, आणि मला त्याचं श्रेय नको.

१७ जुलै, सोमवार

सगळं क्रमाने लिहितो.

आयोवाचं हूकस्ट्रा जोडपं आलं आहे. दरवर्षी येतात, मामाकडेच. यंदा हूकस्ट्रांचा भाऊही बरोबर, त्यामुळे बोट भरली आणि मी मागे राहिलो. मामीने सौनाचं धुरांडं साफ करायला बसवलं. सकाळीच वायव्येचा वारा सुटला होता. मामा निघाला तेव्हा खुशीत होता. बाईंना म्हणाला, "आज तुम्हाला एवढा वॉलाय देतो की घरी जाऊन नवऱ्याकडे बघणार नाही."

दुपारी बेटावर धूर दिसला नाही. मामी दोनदा बाहेर येऊन बघून गेली. धूर नाही म्हणजे जेवण नाही, जेवण नाही म्हणजे मासे नाहीत, असं मी म्हटलं. मग पाण्यावर पांढऱ्या लाटा यायला लागल्या. मी दुसरी बोट काढत होतो तेवढ्यात केंटची बोट आली. मागे दोरीला मामाची.

बाई केंटच्या बोटीत, गोधडीत गुंडाळलेल्या, ओठ निळे. उजव्या हाताला रुमाल, रुमालाला रक्त. हूकस्ट्रा म्हणाले, "आम्ही गोल फिरत होतो, पोरा. सबंध सकाळ. आधी वाटलं आर्वो थट्टा करतोय. मग मी म्हटलं, आर्वो, परत जाऊ या का. तर म्हणाला, कुठे?" ते थांबले. "म्हणाला, कुठे. आणि मग पूर्वेच्या खडकांवर गेलो. मोटरीची पिन तुटली. डोलोरेसने खडकाला हात लावला बोट ढकलायला, आणि लाट आली." बाईंची दोन बोटं मोडली आहेत.

मामा बोटीतच बसून होता. उतरेना. मी हात दिला तर माझ्याकडे बघून म्हणाला, "कुणीतरी पाइन नेला रे."

मामी म्हणाली, "चल, आर्वो. आत चल."

"होता तिथे. पांढरा डोळा होता त्याला. कुणीतरी नेला."

केंटने मार्लिसकडे बघितलं. ती धक्क्यावर कधी आली मला कळलंच नाही. मार्लिसने माझ्याकडे बघितलं नाही. तिला सुचलंच नसणार. पण मला तेव्हाच कळलं. आणि कळल्यावरही मी धुरांड्याच्या काजळीने काळे झालेले हात घेऊन नुसता उभा राहिलो.

१८ जुलै, मंगळवार

ती जळवा घेऊन आली, नेहमीसारखी. आज बोट जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी आली.

"ड्वेन, झाकण नाहीये तिथे. केंट सकाळी बघून आला. वाऱ्याने पडणार नाही, त्याने चार इंची खिळे मारले होते."

मी म्हटलं, "मी काढलं."

सांगायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. ती बादली खाली ठेवून त्याच बादलीवर बसली.

"मला वाटलं केंटने चोरली खूण," मी म्हटलं. "तुम्हा दोघांना जंगलातून येताना बघितलं. मला वाटलं..."

"मला ठाऊक आहे तुला काय वाटलं. तुला नेहमी काहीतरी वाटतं." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "काकांनी मला सांगितला तो पाइन. एप्रिलमध्ये. दुकानात आले, दार लावलं आणि रडले. म्हणाले, टाकी आठवते, खडक आठवतो, मागचा पाइन कुठला ते काही दिवस आठवतं, काही दिवस नाही. आज आठवतंय, तर आजच चल. आम्ही गेलो. त्यांनी झाडाला हात लावून दाखवलं. तेव्हा मी खाली चुना फासला, तो पावसात गेला. म्हणून केंटला सांगितलं. केंट त्या रेषेवर एकदाही गेला नाही, ड्वेन. झाकण ठोकताना पाण्याकडे पाठ करून उभा होता. मला म्हणाला, मला बघायचं नाही."

"मला का नाही सांगितलं? मी भाचा आहे. तू कोण?"

"म्हणूनच. माझ्यासमोर त्यांना लाज वाटत नव्हती." मग म्हणाली, "मी हिवाळाभर वृद्धाश्रमात काम केलंय. मला बघूनच कळलं होतं, बटणांवरून. तुझ्या मामींनाही कळलंय. तू एकाच घरात राहतोस आणि तुला कसं नाही कळलं रे?"

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "तू रोज सकाळी त्यासाठीच येत होतीस?"

ती उठली. माझ्या बाहीवर काजळी होती, ती झटकायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "हो," म्हणाली.

२२ जुलै, शनिवार

मामीने मोटरीची किल्ली आपल्या एप्रनच्या खिशात ठेवली आहे. हूकस्ट्रा मंडळी गेली. जाताना त्यांनी मामाला मिठी मारली आणि पुढच्या वर्षी येतो म्हणाले, आणि मामाने मान हलवली.

तो बोटघरात बसतो. जाळी विणायला घेतो, दोन घरं विणतो, सोडतो. आज मला म्हणाला, "ड्वेन, तू शिकलेला आहेस. एक सांग. माणसाला नसलेली वस्तू दिसू शकते का?"

मी म्हटलं, "कसली वस्तू?"

"झाडावर एक पांढरं झाकण होतं. दोन-तीन दिवस दिसलं मला. त्या रेषेवर मासेही मिळाले. आता मार्लिसला विचारतो तर म्हणते, होतं, काका, नक्की होतं. पण ती मुलगी फार प्रेमळ आहे रे. ती म्हणणारच." हातातली सुई बघत म्हणाला, "विसरणं एक वेळ चालेल. माझा बापही विसरायचा. पण नसलेलं दिसायला लागलं, तर मग आता तू समोर बसलायस, हे तरी कशावरून?"

मी "येतो" म्हणून उठलो आणि घरामागे जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. हे लिहिताना कपाळाला टेंगूळ आहे. त्याने काय होणार.

२९ जुलै, शनिवार

सौनात सांगितलं.

लहानपणापासून शिकवलंय, सौनात आवाज चढवायचा नाही, खोटं बोलायचं नाही, चर्चमध्ये वागावं तसं वागायचं. मामा वरच्या फळीवर, मी खालच्या. आत संध्याकाळसारखा उजेड, एकच लहान खिडकी. त्याने दगडांवर पाणी टाकलं, वाफ आली, ती ओसरली. मग मी म्हटलं, "मामा, झाकण होतं. मी काढलं. मला वाटलं केंटने तुझी खूण चोरली. मी चढलो आणि काढून पाण्यात फेकलं."

मला वाटलं ऐकलं नाही. मान वळवून वर बघायची हिंमत होईना.

"होतं?" तो म्हणाला.

"होतं."

"पांढरं? कललेल्या पाइनवर?"

"जळवांच्या बादलीचं. चार इंची खिळ्यांनी ठोकलेलं. माझे हात सोलले, हे बघ."

त्याने वाकून माझे हात घेतले, खिडकीकडे धरले. जखमा आता बऱ्या झाल्यात, पण तळव्यावर पांढरे वण आहेत. त्याने त्यांवरून अंगठा फिरवला. प्रत्येक वणावरून. मग त्याच्या छातीतून असा आवाज आला की मला वाटलं त्याला काही झालं, पण तो हसत होता. का रडत होता, घामात कळत नव्हतं.

"म्हणजे मला दिसलं ते होतं," तो म्हणाला.

"हो."

"हूकस्ट्राच्या बायकोची बोटं..."

"ती माझ्यामुळे. तुझ्यामुळे नाही."

"मीही होतोच बोटीत." मग त्याने विचारलं, "केंटचं समजून काढलंस?"

"हो."

"मीही काढलं असतं," मामा म्हणाला. "लगेच काढलं असतं. आणि केंटला तळ्यात घातला असता. तू निदान नुसतं झाकण घातलंस." त्याने आणखी पाणी टाकलं. "मूर्ख आहोत आपण. मासे काय आपले आहेत?"

मग मी हूकस्ट्रांना पत्र लिहितो म्हटलं. लिही म्हणाला. ते खरंच लिहिलंय, उद्या टाकेन.

६ ऑगस्ट, रविवार

चर्चबाहेर केंट भेटला. मी माफी मागितली. त्याने दात दाखवले. "तू वल्ह्याने खिळे काढलेस? चार इंची? अरे बैल आहेस तू." तो चांगला माणूस आहे. हे लिहायला मला किती त्रास होतोय ते मलाच ठाऊक. सप्टेंबरात त्यांचा साखरपुडा आहे. मार्लिसने निळा झगा घातला होता. मी बघितला नाही, असं लिहिणार होतो.

१२ ऑगस्ट, शनिवार

मामीने न मागता किल्ली माझ्या हातात दिली. "फक्त तुम्ही दोघं. तू चालव. आणि संध्याकाळपर्यंत या."

मामाचा आज चांगला दिवस नव्हता. सकाळपासून मी एरो होतो. सुरुवातीला दोनदा म्हटलं, मामा, मी ड्वेन. मग सोडून दिलं. एरो तर एरो. त्याने बोटीत चढताना विचारलं, "एरो, आज कुठे?" मी म्हटलं, वॉलायवर. "मिळतात इथे?" त्याने विचारलं. तळ्याकडे असा बघत होता, जसा कुणी पहिल्यांदा आलेला पाहुणा बघतो.

पाणी स्थिर होतं. मी टाकीच्या रेषेवरून हळूहळू निघालो. झाकण नव्हतं, पण तो पाइन मला आता अंधारातही ओळखता येईल, चढलोय त्याच्यावर. तरी लांबून सगळे पाइन एकसारखे, आणि तो कल इतक्या अंतरावरून जेमतेम. मी चुकत होतो. मामाच्या हातात मी गळ दिला, जळू लावून. त्याने शिसं सोडलं, तळ लागल्यावर दोरी बोटावर घेतली. ते त्याला सांगावं लागलं नाही. तर्जनीवर दोरी, डोळे कुठेच नाहीत.

"चिखल," तो म्हणाला.

मी थोडं पुढे नेलं.

"चिखल. चिखल. थांब. पान आहे." पुढे. "चिखल." मग त्याचा सबंध हात बदलला. "खडे," तो म्हणाला. "खडे. एरो, खडे आले. आता चढ आहे. सावकाश."

मी मोटर बंद केली. मान वर करून बघितलं. टाकी छपरावर. टकला खडक, आणि त्याच्या बरोबर मागे कललेला पाइन.

तेवढ्यात दोरी ओढली गेली. त्याने घाई केली नाही. वॉलाय वर आला, सोनेरी, शांत, मोठा. मी हातजाळ्यात घेतला. मादी होती, मोठी. मामाने गळ काढला, तिला पाण्यात धरून ठेवलं, कल्ले हलेपर्यंत, आणि सोडली. ती उभी राहिली एक क्षण आपल्याच सावलीवर आणि मग नव्हती.

"चांगली जागा आहे," तो म्हणाला. "तुला कशी सापडली?"

मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. मी त्याच्यासमोर येऊन बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. म्हटलं, "दाखवतो. इकडे बघ. ती पाण्याची टाकी, ती त्या छपरावर..."

त्याने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला माशाचा वास. आजूबाजूला बघितलं. सबंध तळ्यावर दुसरी बोट नव्हती.

"हळू बोल," तो म्हणाला. "पाण्यावरून आवाज लांब जातो."

मग मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि दोन्ही रेषा सांगितल्या. टाकी आणि छप्पर. खडक आणि पाइन, कुठला पाइन, कुठे कललेला. तो बोटाने दाखवत गेला तसतसा मी हो म्हणत गेलो. त्याने दोनदा नीट बघून घेतलं, खुणा जुळवून घेतल्या. मग माझा हात दोन्ही हातांत धरला, अगदी गंभीरपणे, जसा माणूस मोठी भेट घेताना धरतो.

"मी कुणालाही सांगणार नाही," मामा म्हणाला.